अनोळखी बाईच्या शोधात: नांदेड, औसा, जळकोट

‘त्या बाईंना शोधायचंच,’ असं ग्रुपवर ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी हो म्हणणारा मीच होतो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

आमचा ग्रुप तसा अजब आहे. सुरुवात झाली ती टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमवरून. कुणाकडे कुठली कॅसेट आहे, कुणाची फुंकर मारल्याशिवाय चालत नाही, असल्या गप्पा. मग कुणीतरी एक भारूड टाकलं आणि कळलं, की निम्म्या लोकांना लोकगीतांचंही वेड आहे. गेल्या दिवाळीनंतर मी एका आराधी बाईंचं गाणं टाकलं. आराधी म्हणजे गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन जोगवा मागणारे देवीचे भक्त. गाण्यावर सगळे फिदा. कुणाचं म्हणून विचारल्यावर मी लिहिलं, ‘अहमदपूरच्या बाजारात भेटल्या, नाव माहीत नाही.’

नाव मला चांगलं माहीत होतं. गयाबाई. माझी सख्खी आत्या.

आता लपवायचं कशाला? तर माझ्या लग्नात मी तिला म्हणालो होतो, सासरची माणसं काय म्हणतील, तेवढी माळ काढून ये. देवीची माळ अशी काढता येत नाही. ती आलीच नाही. माझं तिच्याकडे जाणं-येणं राहिलं, पण त्यावरून ती मला तोंडावर काही बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. चारचौघांत ‘दारोदार मागणारी माझी आत्या’ म्हणायची लाज वाटायची, हे सरळ लिहूनच टाकतो.

तर सकाळच्या गाड्यांनी ग्रुपमधले दोघं, अमेय नाशिकहून आणि मेघना नागपूरहून, माझ्या गावी नांदेडला उतरले. इथे येणार असाल तर सणासुदीला खोली आधी सांगून ठेवा, स्टेशनजवळ ऐनवेळी मिळत नाही. गुरुद्वारात डोकं झाकायला रुमाल बरोबर असू द्या आणि लंगर चुकवू नका. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो, मग चहाला माझ्या घरी. अमेयला माझा तो रणगाड्यांचा गेम बघायचा होता, ज्याचे व्हिडिओ मी ग्रुपवर मिरवतो. मी म्हणालो, दुरुस्तीला दिलाय. बायको माझ्याकडे बघून कपबशा उचलून आत गेली. तो गेम लहानपणी आत्यानेच घेऊन दिलेला आणि आजही तिच्याच घरी आहे. ज्या दोन गोष्टींवर मी ग्रुपवर भाव खातो, त्या दोन्ही तिच्या घरातल्या.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेतली. तिघांत वाटून घेतलं तर एसटीपेक्षा फार महाग पडत नाही आणि वाटेत थांबता येतं. लोह्यावरून अहमदपूरपर्यंत रस्ता चांगला आहे. बाजारात मी बांगड्यावाल्या मावशींना मुद्दाम गोलगोल विचारलं. त्या म्हणाल्या, “आसल्या लई बाया हाईत भाऊ. नाव सांगा की.” मी मान हलवून पुढे सरकलो. मेघना बिचारी टोपलीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना फोनवर गाणं ऐकवत उन्हात फिरत होती. मी तिला पाण्याची बाटली दिली. तेवढीच माझी मदत.

दुपारी लातूरला निलंगा राईस खाल्ला. हातगाडीवरचाच खा, तिखट सांभाळून. तिथून औशाचा किल्ला. ऊन उतरल्यावर जा, आत बऱ्यापैकी चालावं लागतं. एका कमानीच्या सावलीत मेघनाने हेडफोन लावून तेच गाणं पुन्हा ऐकायला घेतलं आणि मध्येच थांबवलं.

“यात मागे गेम चालू आहे,” ती म्हणाली. “रणगाड्यांचा. आणि एक सूर दर वेळी गळतोय.”

दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं. पण आम्ही पडलो असल्या आवाजांवर तासन्‌तास बोलणारी माणसं. सूर गाळणारी कॅसेट ग्रुपमध्ये एकट्या माझ्याकडे आहे, आणि ते मीच सगळ्यांना कौतुकाने ऐकवलं होतं. म्हणजे गाणं बाजारात नाही, माझा गेम चालू असलेल्या घरात भरलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, लग्नाचंसुद्धा. दोघांपैकी एकानेही मला बोल लावला नाही. लावला असता तर सोपं गेलं असतं. अमेयने एवढंच विचारलं, घर कुठे आहे त्यांचं?

तिसऱ्या दिवशी उदगीरमार्गे जळकोटकडे, आत्याच्या गावी निघालो. रस्ता मधूनमधून खराब आहे, वेळ हाताशी ठेवा. आत्याला मी फोन केला नाही. केला असता तर मीच काहीतरी निमित्त काढून गाडी मागे वळवली असती.

ती दारातच ज्वारी निवडत बसली होती. माझ्यामागे शहरातली दोन माणसं दिसली आणि मी तोंड उघडायच्या आत ती उठून उभी राहिली.

“या साहेब, बसा,” ती मला म्हणाली. मग त्या दोघांना, “हे साहेब येतात कधीमधी. गाणं भरून नेतात. लई भला माणूस हाय.”

तिला कुणीच शिकवलं नव्हतं. माझी अब्रू राखायची म्हणून ती स्वतःहून परकी झाली होती, आणि ते तिला इतकं सहज जमत होतं, की नक्की मनात आधी कितीदा तरी घोळवलं असणार. मेघना जमिनीकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आत्या,” मी म्हणालो, “ह्यांना ठाव हाय.”

“काय ठाव हाय?”

“तू माझी आत्या हायेस ते.”

तिने आधी रस्त्याकडे पाहिलं. “हळू बोल,” म्हणाली. “तुझ्या सासरकडं कळंल.”

मग तिने धपाटे केले, दही वाढलं, झांज घेऊन दोन गाणी म्हटली. मेघनाबरोबर रणगाडे खेळताना स्वतःचाच किल्ला उडवून मोठ्यांदा हसली. ते दोघं तिला आत्याच म्हणू लागले. त्यांच्या तोंडी किती सहज बसला तो शब्द.

नांदेडला परतून ग्रुपवर दुरुस्ती टाकली: गाणं गयाबाईंचं, माझ्या आत्याचं. सगळ्यांनी कौतुक केलं, माझंसुद्धा, आणि ते वाचताना आणखीच ओशाळायला झालं.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “आता तुझ्या घरी आलं तर चालंल का रं?”

मी “ये की” म्हणालो. पण म्हणायच्या आधी थोडा गप्प राहिलो.

“राहू दे,” ती म्हणाली, “हिकडं बी कामं लई हाईत.”