पेशीला चूलबंद आवतन

आमच्या डिपार्टमेंटमध्ये प्रयोग फसतात जास्त आणि किस्से जमतात त्याहून जास्त! सकाळी चहाला एक सांगावा, तर दुपारच्या डब्यापर्यंत त्याला शेपूट फुटलेलं असतं. सांगणारेही आम्ही तिघंच. यवतमाळच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवणारी मी, लॅब असिस्टंट रमेशभाऊ आणि बोरी अरब गावची सुजाता, माझी पीएचडीची विद्यार्थिनी.

सुजाताचा विषय ऐकायला अवघड, पण गोष्ट साधी. शरीरात विषाणू शिरला, की एक पेशी शेजारणीला सांगावा धाडते, 'चोर आलाय, दारं लावा!' तो सांगावा शेजारणीच्या दाराशी येतो आणि तिथून एक निरोप्या तो आत पोचवतो. मग पेशी संरक्षणाची प्रोटीन्स बनवायला लागते. या रस्त्याला म्हणायचं सिग्नलिंग पाथवे. डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रोटीन या रस्त्यात लबाडी करतं. ती लबाडी धुंडाळणं, हे सुजाताचं काम.

*

रमेशभाऊ राहतात लोहाऱ्याला. तिथं त्यांनी अभिमानानं सांगितलं, "आमच्या मॅडम सिग्नलवर रिसर्च करून राह्यल्या!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारचे एक रिटायर्ड काका जिना चढून धापा टाकत हजर. "मॅडम, आमच्या चौकातला सिग्नल कधीचा बंद हाये. थोडं लक्ष द्या ना!"

मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि पेशी, सांगावा, विषाणू, सगळं समजावून सांगितलं. काकांनी मन लावून ऐकलं. उठताना म्हणाले, "म्हंजे तिथंही लोकं सिग्नल तोडतेतच!"

*

प्रयोगासाठी पेशी वाढवायच्या म्हणजे लेकुरवाळं घर सांभाळायचं. ऊब द्या, वेळेवर खाऊ द्या. रमेशभाऊ येता-जाता इन्क्युबेटरच्या काचेतून डोकावून विचारायचे, "जेवल्या का पोट्ट्या?"

एकदा सुजाताच्या सगळ्या फ्लास्कमध्ये बुरशी लागली. किती दिवसांची मेहनत पाण्यात! पोरगी स्टुलावर बसून रडायला लागली. आता रमेशभाऊ काहीतरी धीराचं बोलतील म्हणून मी बघत होते. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "रडते कायले? कोणाच्याही घरी पाव्हणा येते, तो घर चांगलं असलं म्हणूनच ना!"

रडता रडता ती अशी हसली की तिला ठसका लागला. मला त्या वेळी दोघांबद्दलही फार माया वाटली.

*

मी मूळची सातारची. इतकी वर्षं इकडं काढली, तरी अधूनमधून माझं पुणे-सातारा उघडं पडतंच. सुजाताच्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा तिची आई डिपार्टमेंटला आली. "जय भीम, मॅडम. तुमाले चूलबंद आवतन हाये बरं!"

मला वाटलं, आवतन म्हणजे आमंत्रण, तेवढं कळलं की झालं. मी नवऱ्यासाठी आणि मुलासाठी कुकर लावला आणि नटूनथटून एकटीच बोरी अरबला गेले.

सुजाताच्या आईनं माझ्या मागं पाहिलं. "बाकीचे कुठं हायेत?"

"घरी. खिचडी खाताहेत."

त्या माउलीचा चेहरा असा पडला, जसं काही माझ्या घरी कुणी आजारी आहे! "म्हंजे तुमची चूल पेटली?"

सुजातानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, चूलबंद म्हंजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवाची नाही. सगळ्याईनं इकडंच जेवाचं!"

निघताना आईनं माझ्या हातात एवढा मोठा डबा दिला. घरी नवरा खिचडी खाऊन ढेकर देत बसला होता. तो तसाच पुन्हा पानावर बसला.

*

आता जरा रागाचं सांगते. थीसिस देण्याआधी एक सेमिनार द्यावा लागतो. सुजाता उभी राहिली, छान बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं, "मंग हे प्रोटीन सेलले सांगते..."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. झालं! पोरगी मिटली. पुढचं सगळं तिनं पडद्यावरून नुसतं वाचून दाखवलं. त्या हसणाऱ्याचा मला आजही राग आहे.

"मॅडम," ती नंतर म्हणाली, "लिहाचं तेवढं लिहून देतो. पण वायव्हाले माह्या तोंडून शब्द नाही निंघत. मी नाही होत पास."

काम सोन्यासारखं, आणि पोरगी तोंड उघडायला तयार नाही! आठवडेच्या आठवडे मी समजावलं, रागावले, चुचकारलं. काही उपयोग नाही.

मग एकदा जिन्यात ती फोनवर आईला आपलं काम सांगत होती. कशी घडाघडा! मी भिंतीआड उभी राहून सगळं ऐकलं आणि डोळे पुसले. वर आल्यावर म्हटलं, "हेच सांग वायव्हाला."

"हसतीन, मॅडम!"

*

वायव्हाला बाहेरचे परीक्षक आले ते नागपूरहून. कडक इस्त्री, त्याहून कडक इंग्रजी. मागच्या रांगेत सुजाताची आई आणि तिच्याशेजारी रमेशभाऊ.

सुजातानं पाठ केलेलं इंग्रजी संपवलं. सरांनी मान वर केली. "चांगलं आहे. आता एका वाक्यात सांगा, तुमचं हे प्रोटीन नेमकं करतं काय?"

सुजातानं मागं आईकडं पाहिलं.

"सर, आमच्या बोलीत सांगू?"

"सांगा."

"थे सेलले चूलबंद आवतन देते, सर. सेल भोळी. तिले वाटते, आज सैपाक कराचा नाही. बचावाचं काहीच शिजवत नाही. अन् मंग थो विषाणू तिच्याच घरात आपली चूल मांडते!"

कुणीच हसलं नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अन् शेजारणीनं सांगावा धाडला तं?"

सरांच्या तोंडी इकडची बोली ऐकून मी चमकून पाहिलं. सुजातानंही पाहिलं. मग मात्र ती थांबलीच नाही. "दारापर्यंत येते ना, सर! पण दारातून चुलीपर्यंत नेणारा जो निरोप्या, त्यालेच हे प्रोटीन गायब करते!"

सर कितीतरी वेळ लिहीत बसले. निकाल काय, पत्ता नाही. सुजाता खडूसारखी पांढरी पडून उभी. तेवढ्यात मागून तिची आईच उठून पुढं आली.

"सर, पोट्टी पास झाली तरी अन् नाही झाली तरी, रविवारी तुमाले आमच्याकडं बोरी अरबले आवतन हाये. चूलबंद!"

रमेशभाऊंनी डोळेच मिटून घेतले. सरांनी पेनाला टोपण लावलं, खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर घरी फोन लावला.

"अवं, ऐकलं का? रविवारी चूल पेटवू नको. आपल्या सगळ्याईले बोरी अरबले जेवाले जाचं हाये... डॉक्टर सुजाताबाईकडं!"