पांढऱ्या पोपड्यांची लाकडं

सरपणाचे तीन ढीग लावायचे, ही सवय मी माहेराहून आणली. एक, लगेच पेटणाऱ्या काटक्यांचा. दुसरा, भाकरीच्या तव्याखाली टिकणाऱ्या मधल्या लाकडांचा. तिसरा, पाणी तापवायला लागणाऱ्या जाड ओंडक्यांचा. लग्न होऊन मी बालाघाटाच्या उताराजवळच्या त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सासरच्या परसात सगळं सरपण एकाच जागी पडलेलं असायचं. मी ते लावून टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत पडलं.

चौथा ढीग लावावा लागला तो एका पावसाळ्याच्या अखेरीस, आत्यांमुळं.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेल्या. हळदीकुंकू नाही, लग्नकार्यात पुढं येणं नाही. रानातनं सरपण आणायचं काम मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. रान सरकारी होतं. पडलेलं लाकूड डोक्यावरनं आणायला मुभा होती, पण कुऱ्हाड दिसली की जंगलचा चौकीदार मोळी उतरवून घ्यायचा. म्हणून आत्या फक्त दोरी घेऊन निघायच्या आणि उन्हं चढली की मोळी घेऊन परतायच्या. तेवढा वेळ त्या कुणाच्या आश्रित नसायच्या.

त्या वर्षी त्यांच्या मोळीत एकाच तऱ्हेची लाकडं येऊ लागली. सालीवर बुरशीचा चपटा पापुद्रा चिकटलेला. कुठं चुन्यासारखा पांढरा, कुठं राखाडी, कडेला जरा पिवळसर. भिंतीला पोपडे धरावेत तसा. असलं लाकूड आतनं भुसभुशीत झालेलं असतं. ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. मी ते वेगळं काढत गेले. चौथा ढीग बाकीच्या तिन्हींपेक्षा उंच झाला.

एके दिवशी सासूबाई चूल फुंकता फुंकता डोळे पुसत बाहेर आल्या.

"वन्सं, लाकडं आणता का कुणाच्या भिंतीचे पोपडे? धुरानं जीव गेला माझा."

"समदं रान भिजलंय वैनी. म्या काय करू?"

"मंग बसा घरी. परवापास्नं गडी जाईल सरपणाला."

आत्या एरवी उत्तराला कमी नव्हत्या. त्या दिवशी मात्र नुसती दोरी गुंडाळू लागल्या. दोरीचं टोक त्यांना सापडेना. चाचपत राहिल्या. टोक त्यांच्या पायाशीच होतं.

मी म्हणाले, "उद्या मी जाते आत्यांसंगं. निवडून आणू."

"जा," सासूबाई म्हणाल्या. "पर ही शेवटची बारी."

दुसऱ्या दिवशी रानाच्या तोंडाशीच चौकीदार बसला होता. "कुल्हाडी तो नै ना, अम्मा?"

"न्हाय रे बाबा. धारेची म्हनशील तर ही जीभ तेवढी हाय."

तो हसला आणि आम्ही आत शिरलो. पायवाट आत्यांच्या पायाला पाठ होती. पण वाट सोडली आणि मला दिसू लागलं. धावड्याची चांगली वाळलेली फांदी त्यांच्या हाताशी होती, ती सोडून त्या पुढं गेल्या आणि पांढरे पोपडे धरलेल्या ओंडक्यापाशी नेमक्या वाकल्या. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा एका फांदीला अडखळल्या. जमीन तपकिरी, पाचोळा तपकिरी, वाळलं लाकूडही तपकिरी. त्या सगळ्यात पांढरा पापुद्रा तेवढा उठून दिसत होता.

"आत्या, ही फांदी दिसती का तुम्हाला?"

"कंची?"

मी फांदी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपली. "वैनीला सांगू नगंस, पोरी. उंबऱ्याभाईर पडू द्यायची न्हाय मला."

"न्हाय सांगत. पण लाकूड बदलायचं."

मी त्यांना साळईच्या एका आडव्या पडलेल्या झाडापाशी नेलं. झाडाचा जो भाग ओल्या मातीला टेकतो, त्याला पापुद्रा धरतो. वर अधांतरी राहिलेल्या फांद्या वाऱ्यानं वाळतात. तेव्हा पांढरं दिसलं की तिकडं चालायचं, पण तिथं वाकायचं नाही. हात वर न्यायचा. अंगठा फिरवून बघायचा. खरखरीत लागलं आणि कडकन मोडलं तर घ्यायचं, मऊ लागलं तर सोडायचं.

आत्यांनी पोपड्यावरनं अंगठा फिरवला. "अगं, हे तर म्हशीच्या कानावानी लागतंय!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "इतकं दिस म्या म्हशीचं कान वाहिलं व्हय डोक्यावर?"

मोळी त्यांनीच भरली. मी मध्ये हात घातला नाही.

घरी सासूबाईंनी मोळी सोडून एकेक लाकूड पाहिलं. सगळं कोरडं होतं. तळातनं एक पांढरं निघालंच. ते हातात धरून त्या आधी आत्यांकडं, मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मी नजर खाली घातली. त्यांनी ते लाकूड चौथ्या ढिगावर टाकलं आणि आत गेल्या.

गडी जायचा तो दिवस उजाडला. गडी गोठ्यातच होता. खुंटीवर दोरी नेहमीसारखी लटकत होती, पण तिच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"वन्सं, निघा की," सासूबाई चुलीपुढूनच, मान न वळवता म्हणाल्या. "ऊन चढायलंय."

आत्यांनी हात पुढं केला आणि दोरीचं टोक न चाचपता उचललं.