एका हातानं न बसणारी गाठ

रंगारीकाका आमच्या दवाखान्यात आले ते उजवा हात उशीवर ठेवून, दुसऱ्याचं तान्हं बाळ सांभाळावं तसा. खांदा निखळला होता. रंगारी लोकांना शिडीवरून उतरायचा भारी कंटाळा. वर बसल्याबसल्याच ती दोन पायांत धरून पुढे सरकवतात. काकांनी जन्मभर तेच केलं आणि साठीला आल्यावर तोल गेला. पडताना खिडकीचा गज धरला, तिथंच खांदा सुटला.

"कुणी ओढलाबिढला नाही ना?" मी विचारलं. मलमपट्टी करता करता माझे केस पिकलेत. निखळलेला सांधा ओढून माणसाला कायमचं अधू करणारे दीडशहाणे घरोघरी असतात.

"ओढायला घरात होतं कोण?" ते हसले.

हात होता तसाच ठेवून, फडक्यात बर्फ गुंडाळून, भूल द्यावी लागली तर म्हणून पाण्याचा थेंबही न पिता आले होते. सगळं बरोबर. फक्त हात गळ्यात बांधला नव्हता. एका हातानं मानेमागे गाठ बसेना. दातांनीही खटपट केली म्हणे.

डॉक्टरांनी फोटो काढून खांदा बसवला, झोळी दिली. "तीन आठवडे. आंघोळीपुरती सोडायची, घरी कुणाकडून तरी परत बांधून घ्यायची."

"घेतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी हजर. ओला भांग, धुतलेला सदरा, डाव्या हातानं उजवा सावरलेला. "घरच्यांना नीट जमत नाही, सिस्टर."

मी बांधून दिली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मी वैतागले. "एकदा घेऊनच या त्यांना. शिकवते मी!"

काका हलक्या आवाजात म्हणाले, "ही जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लांब असते. तिला कळवलं नाही, उगाच जिवाला घोर."

त्यानंतर मी रोज त्यांना आधी घ्यायची. गाठ मारताना ते मान वाकवून डोळे मिटून बसायचे. झाली म्हटलं तरी लगेच उठायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "झोळी सुटली. आता हात हलवत राहा, नाहीतर खांदा आखडेल."

हातावर पोट असलेल्या माणसानं उड्या मारायला हव्या होत्या. काका बाहेर माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"सिस्टर, अजून चार दिवस बांधाल का? आखडला तर आखडला."

मी नाही म्हटलं. म्हणावंच लागलं.