पारण्याचा दिवस

पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांचे पाये खणले जात होते, तेव्हा भिलाईची आमची वसाहतही अर्धवटच होती. भिंतींचा चुना ओला, रस्ते तांबड्या धुळीचे, दिवसभर ट्रकांची घरघर. मी सोळा वर्षांची होते. वडिलांनी मला संस्कृत शिकवले होते आणि पंचांगही. म्हणून शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण मला ‘पंडितीण’ म्हणे. तिचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून बांधकामावर आले होते.

त्या उन्हाळ्यात ती रोज विचारू लागली, “पंडितीण, आज कोनता उपास आहे वं?”

मी तिथी पाहून सांगे. सोमवार, चतुर्थी, प्रदोष, एकादशी. ती ताट सरकवून देई. “माई पोरगी मोठी देवभक्त झाली,” असे तिची आई कौतुकाने सांगे. मला तिचा हेवा वाटे. तिची वेणी दोन-दोन दिवस सुटलेली असे, आवडीचे भरतकाम धूळ खात पडले होते. मी त्याला वैराग्य समजले.

एका द्वादशीला मी पारण्याचा भात घेऊन गेले.

“राहू दे. भूक नाही.”

“पारण्यावाचून एकादशी पुरी होत नाही.”

“नाही तं नाही.”

उपवास करणारा माणूस पारण्याची वाट पाहतो. ही पाहत नव्हती. घरी येऊन जपाला बसले, तर माळ पुढे सरकेना. दोनदा उठले, दोनदा बसले. दुपारी पुन्हा गेले आणि विचारले, “तुला जगावेसे वाटत नाही का?”

ती कितीतरी वेळ नखाने भिंतीचा चुना खरवडत राहिली. “मले काईच वाटून नाही राहिलं. पन मायले सांगशील, तं तुयाशी बोलनार नाही.”

मी सांगितले. “उपासाले रोग म्हनतं का वं?” म्हणून तिची आई माझ्यावरच चिडली. मग तिची नजर मुलीच्या सैल झालेल्या बांगड्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी आईने तिला वसाहतीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बजावले, एकटी सोडू नका. पुढे कित्येक महिने त्या तिथे जात राहिल्या.

मैत्रीण माझ्याशी बोलेना. मी मात्र रोज दुपारी तिच्या ओट्यावर बसून राही. कारखान्याचा भोंगा झाला की उठे, आणि उठूनही पाय निघत नसे. असे जवळजवळ दोन आठवडे गेले. मग दारातूनच आवाज आला, “पंडितीण, आज काय आहे वं?”

“द्वादशी,” मी म्हणाले. “पारणे. मीही जेवले नाही. वाढ.”

तिने दोन ताटे घेतली. चार घास ती जेवली, तिच्यासमोर मीही जेवले.

त्या दिवशी एकादशी होती. आयुष्यात मी मोडलेली तेवढी एकच. संध्याकाळी देवापुढे सारे सांगितले. क्षमा मागायला मात्र जीभ वळली नाही.