माणूस लागलेल्या तारा

भाऊ स्टेजवर कधीही प्रेक्षकांकडे बघत नसत. ते ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघत. पुढे गाणारी, तिच्या बाजूला केस उडवणारा गिटारवाला, आणि मागे ड्रमला अगदी खेटून आमचे भाऊ. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला ऑफिसचं पेन, गळ्यात बेस गिटार आणि पाठ अर्धी लोकांकडे. माझ्याकडे कार्यक्रमांचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत भाऊंचा एक कान आणि मानेचा मागचा भाग आहे. "लोकांकडे पाहून काय मिळते?" ते म्हणायचे. "ठोका त्या पायातून येतो. तिकडे पाहावं."

भाऊ मूळचे नागपूरचे. दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि शनिवार-रविवारी बेस गिटारिस्ट. गणपती, चौदा एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम, कुणाच्या सोसायटीची दिवाळी, जिथे बोलावतील तिथे. आमचा ड्रमर हरप्रीत आदराने त्यांना 'भाऊजी' म्हणे. मराठीत त्यामुळे नातंच बदलतं हे मी त्याला एकदा नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि 'भाऊजी' चालू ठेवलं.

आता माझ्याबद्दल. मी पुण्याचा, गुडगावात आयटीत. चाळिशी आली की आमच्यातले लोक पळायला लागतात किंवा महागडी सायकल घेतात. मी बेस घेतली. चार तारांवर काय वाजवायचं हे कळत नव्हतं, म्हणून पाच तारांची घेतली. शिवाय पायाने दाबून आवाज बदलायच्या सहा डब्या एका फळीवर जोडून घेतल्या. भाऊंनी ती फळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा वर करून विचारलं, "पुणेकर, हा स्विचबोर्ड कायले?" त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. त्यांनी मला शिष्य म्हणून घेतलं की नाही, हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.

मानेसरच्या एका कारखान्याच्या समारंभात त्यांनी मला पहिल्यांदा आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः खाली कामगारांच्या रांगेत जाऊन बसले. मी डोळे मिटून, मान डोलावून, अगदी जीव ओतून वाजवलं. उतरल्यावर भाऊ म्हणाले, "छान. पण पहिल्या तीन गाण्यांत तू नव्हतास." सहापैकी एका डबीची वायर निघून आली होती; चौथ्या गाण्याला माझाच पाय लागून ती परत बसली. तीन गाणी मी आवाजाशिवाय वाजवली होती आणि मनात म्हणत होतो, आज काय जमतंय!

"पण भाऊ, कुणाला कळलंसुद्धा नाही."

"हरप्रीतला विचार."

हरप्रीत ड्रम आवरत होता. वर न बघताच म्हणाला, "यार, तीन गाने मैं बिल्कुल अकेला था."

परतताना गाडीत भाऊंनी खिशातलं ऑफिसचं पेन काढून बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "फाइल वेळेवर पुढे गेली तर कोणी विचारत नाही, कोणी पाठवली. अडली की नाव निघते. आपलं काम तसंच आहे. आपण आहो का नाही, हे फक्त शेजारच्या टेबलावरच्याला माहीत असते."

त्यांच्या बेसवरच्या तारा त्यांची मुलगी सुजाता पहिलीत गेली त्या वर्षी चढवलेल्या होत्या. सुजाता आता नोकरी करत होती. मी दर दोन महिन्यांनी तारा बदलत असे, कारण इंटरनेटवर तसं लिहिलेलं असतं. नव्या तारा खणखणतात. भाऊंच्या तारा 'धुम्' म्हणत आणि गप्प होत, जाड गोधडीवर कुणी हलकेच मूठ मारावी तशा. सुजाता सांगायची, "काका, परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या खोलीत बाबा वाजवत असले ना, की मला मस्त झोप यायची. मार्क्स बाबांमुळेच गेले."

हरप्रीतच्या नोएडातल्या घराच्या तळघरात आमची प्रॅक्टिस चाले. सुरुवातीला कचोरी यायची. भाऊ कचोरी खात, हात पँटला पुसत आणि सरळ बेस उचलत. मी मात्र आधी साबणाने हात धुणार, वाजवून झाल्यावर खास फडक्याने एकेक तार पुसणार. भाऊंना ते बघवत नसे. "काऊन पुसतो बे रोज? तारांना माणूस लागू दे थोडा."

मी हसायचो. ती थट्टा आहे असं मला वाटायचं.

मग भाऊ आजारी पडले. आजाराचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, तेही सुट्टीचा अर्ज वाचून दाखवावा तशा आवाजात. उपचारांनी केस गेले, वजन गेलं, आणि बोटांची टोकं बधिर झाली. "हाताला काही समजत नाही आता," ते म्हणाले. "पण कान आहेत ना. आवाज ऐकला की बोट कुठे आहे ते समजते." जयंतीच्या कार्यक्रमात वाजवायचंच, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. डॉक्टरांनी दोन गाण्यांपुरती परवानगी दिली.

तेव्हा सुजाताच्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे शेकडो व्हिडिओ होते, सगळे मोबाइलवर काढलेले, आणि मोबाइलमध्ये बेस जवळजवळ येतच नाही. गाणारी ऐकू येत होती, टाळ्या ऐकू येत होत्या, मागे कुणाचं बाळ रडलेलंसुद्धा ऐकू येत होतं. भाऊ कुठेच नव्हते. "काका, इतकी वर्षं वाजवलं आणि बाबांचा आवाज कुठेच नाहीये," ती म्हणाली. तिने जयंतीसाठी एक रेकॉर्डिंगवाला ठरवला. बेसची वायर थेट त्याच्या यंत्रात जाणार होती. दोन गाणी तरी राहतील.

मलाही काहीतरी करावंसं वाटलं. मी जेव्हा जेव्हा प्रेमाने काही करायला जातो तेव्हा आसपासच्यांनी सावध व्हायला हवं. पण त्या वेळी भाऊ इस्पितळात होते आणि मला अडवणारं कुणी नव्हतं. मी सुजाताकडून बेस मागून घेतली आणि पहाडगंजच्या एका गल्लीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांकडे नेली. म्हटलं, घासून-पुसून लख्ख करा आणि नव्या, भारीतल्या भारी तारा चढवा. उस्तादांनी जुनी तार बोटाने दाबून पाहिली. "साहब, आवाज़ बदल जाएगी."

"बदलनी ही चाहिए," मी म्हणालो.

"पुरानी वाली रख दूँ थैली में?"

"फेंक दो यार."

हे तीन शब्द मी किती मोकळ्या मनाने उच्चारले होते, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

जयंतीच्या दिवशी भाऊ इस्पितळातून थेट सभागृहात आले. डोक्याला लोकरी टोपी, अंगात तोच पांढरा हाफ शर्ट, आता दोन मापं मोठा वाटणारा. मी स्टेजवर नव्या नवरदेवाच्या बापासारखा उभा होतो. पिशवी उघडून चमचमणारी बेस त्यांच्या हातात दिली. त्यांनी तारांवर अंगठा फिरवला. बधिर बोटाला काही कळलं नसावं. मग त्यांनी एक सूर छेडला. खण्ण!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. अनोळखी घरात दिवा लावायला भिंत चाचपावी, तसे ते त्या सुराकडे बघत होते. हरप्रीतने ठोका दिला आणि गाणं सुरू झालं. बोटांना स्पर्श नव्हता, आणि ज्या आवाजावरून त्यांना बोटं सापडायची तो आवाज मी पहाडगंजात फेकून आलो होतो. भाऊ चुकले. सावरले, पुन्हा चुकले. लोकांना कळलं नाही. हरप्रीतचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

गाणं संपलं. भाऊंनी पट्टा काढून बेस माझ्या गळ्यात घातली. "घे. दुसरं तू वाजव. पायाकडे पाहा, लोकांकडे नको." आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले. मानेसरला मी डोळे मिटून वाजवलं होतं; आज पहिल्यांदा मला स्टेजवरून भाऊंचा चेहरा समोरून दिसणार होता. पण त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी हरप्रीतच्या पायाकडे बघत राहिलो. वळलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होता, ते मी पाहिलंच नाही.

कार्यक्रमानंतर मी त्यांच्या खुर्चीपाशी बसलो. "भाऊ, जुन्या तारा मी फेकल्या."

"समजलं."

"उद्या शोधून आणतो."

त्यांनी बेसच्या जाड तारेवर अंगठा टेकवला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "नव्या आहेत. होतील."

दुसऱ्या दिवशी मी पहाडगंजात गेलो. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात लोंबत असताना, कोपरापर्यंत हात घालून शोधलं. उस्ताद दारात येऊन बघत होते. "कबाड़ी सुबह ले गया, साहब," ते एवढंच म्हणाले आणि हात धुवायला पाणी घेऊन आले.

पावसाळा संपायच्या आत भाऊ गेले. महिन्याभराने सुजाता बेस घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, आईला ती भिंतीला टेकलेली बघवत नाही. तिच्या फोनमध्ये ते रेकॉर्डिंग होतं. फोनला मोठा स्पीकर जोडून आम्ही पहिलं गाणं ऐकलं. आवाज स्वच्छ होता, एकेक सूर वेगळा काढता येईल इतका.

"काका, सच बताना," ती म्हणाली. "बाबांचा आवाज असा नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हणालो. ते माझ्यामुळे, हेही सांगितलं. तिने मान हलवली. तिला माहीत होतं. भाऊंनी तिला सांगितलं होतं, "त्याला काही बोलू नको, प्रेमाने केलं त्याने."

आता डब्यांची ती फळी माळ्यावर गेली आहे. प्रॅक्टिसला मी कचोरी खातो, हात पँटला पुसतो आणि भाऊंची बेस उचलतो. तारा पुसत नाही, बदलत नाही. हरप्रीत अधूनमधून विचारतो, "हुईं?" मी म्हणतो, "अभी नहीं."

मागच्या रविवारी तो वाजवता वाजवता थांबला. "सुन. बन रही हैं यार."

मी जाड तार छेडली. खणखणाट गेला होता. धुम्. जवळजवळ तसाच. मग मी पुन्हा छेडली, आणि कळलं की तो भाऊंचा आवाज नाही. कसा असेल? हात माझे, घाम माझा, कचोरीसुद्धा मीच खाल्लेली. 'होतील' म्हणाले होते भाऊ. होतही होत्या. पण त्यांना लागत होतो तो मी.

"फिर से?" हरप्रीतने विचारलं.

मी मान हलवली आणि त्याच्या उजव्या पायाकडे बघायला लागलो.