खोगीर खांद्यावर

चिमूरजवळच्या मैदानात वीस, चाळीस आणि ऐंशी किलोमीटरच्या घोड्यांच्या शर्यती एकाच दिवशी होत्या. एक फेरा वीसचा. ज्याची जेवढी शर्यत, तेवढे त्याचे फेरे. मी प्रत्येकाची वेळ टिपत होतो.

ऐंशीच्या शर्यतीतला एक म्हातारा चारपैकी दोन फेरे करून सगळ्यांच्या आधी आला. दर फेऱ्यानंतर घोडे तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची घोडी तपासून "ठीक आहे, जा" म्हटलं. त्याने मात्र तिच्या बरगड्यांना कान लावला, डोळे मिटले आणि खोगीर सोडलं.

"भाऊ, इथं थांबलात तर चाळीसचंही बक्षीस मिळणार नाही!" मी म्हणालो.

"मी पळवीन तवर पळन ते. तिले नाई म्हनता येत नाई, मंग मलेच म्हना लागते."

खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो घोडीसोबत सागाच्या जंगलात पायी शिरला.

पुढचा घोडा कधी आला, ती वेळ माझ्या वहीत नाही.