पर्निशस म्हणजे काय

"अहो, हद आहे तुमची! तिला बोलू द्या ना जरा!"

बायको स्वयंपाकघरातून ओरडली. एवढ्या जोरात, की अन्नपूर्णेच्या देवळातली आरती क्षणभर थांबली असेल.

माझा गुन्हा काय, तर मुलीला शब्द शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी तुकोगंजच्या एका ऑफिसात तिची मुलाखत होती. तिथे म्हणे इंग्रजी शब्द देतात आणि वाक्य करायला लावतात. मुलगी हुशार, पण लहानपणापासून बोलताना अडखळते. आणि मी? मी इंदुरात बोलायला लागलो, की देवासचे लोक खिडक्या लावून घेतात.

शब्द होता पर्निशस. "डोक्यावर वीट पडली, तर ते नुकसान," मी म्हणालो, "पण पर्निशस नाही. पर्निशस म्हणजे वाळवी. लालबागजवळ राहायचो ना, तेव्हा आपलं कपाट वाळवीनं असं खाल्लं, की नुसता रंग उभा होता. मी शिंकलो, कपाट खलास! दिसत नाही, दुखत नाही, आतून पोखरतं. कळतं तोवर उशीर झालेला असतो. कर बघू वाक्य."

"शु... शु..."

"शुगर इज पर्निशस! शाबास!"

तिला तेच म्हणायचं होतं का, ते कोण विचारतो! बायको ओरडली ती यावर.

मुलीच्या शाळेपासून माझं हेच चाललेलं. दुकानात, फोनवर, पाहुण्यांपुढे, तिचं वाक्य अडलं की मी हजर. मला वाटायचं, हात देतोय. लोक माझ्याकडे वळायचे, काम व्हायचं, ती गप्प व्हायची. हळूहळू तिनं दुकानात जाणं सोडलं, मग फोन उचलणं. स्वभावच तसा, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तिनं वही मिटली. "मा... माय फादर्स..."

मी ओठ दातांखाली धरले. पुढचा शब्द येईपर्यंत माझी दाढी वीतभर वाढली असेल.

"...हे... हेल्प इज पर्निशस."

आत बायकोनं नळ बंद केला. वाक्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. मी शोधून पाहिली.

"बरं," शेवटी म्हणालो, "उद्या येतो मी सोबत. बाहेरच बसेन, कसम से. एक शब्द बोलणार नाही."

"रि... रिक्षानं जाईन," ती म्हणाली.